छावणीच्या जागेतला जुना बिल्ला : उचलावा की राहू द्यावा?

जुनंपितळ :
धरणगाव, मालेगाव कॅम्प, अशीरगड. खान्देशात कंपनी सरकारच्या पलटणी जिथे राहिल्या, तिथल्या शेतांत शिपायांच्या टोपीचे पितळी बिल्ले आणि बटणं अजून वर येतात. शेतकरी ती भंगारात किलोवर घालतो. संग्राहकाने घेतली तर काय बिघडलं? रोटाव्हेटर एकदा फिरला की मागचे कान, म्हणजे अडकवायच्या कड्या, तुटतात, दुसऱ्यांदा बिल्लाच दुमडतो. आणि वस्तू उचलली की मातीतला जुना थर मोडतो म्हणणाऱ्यांनी आपली काळी माती बघावी. उन्हाळ्यात भेगा पडल्या की वस्तू खाली घसरते, पावसात माती फुगते. थराच्या गोष्टी पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर करा, शेताच्या काळीत नको.

तापीकाठ :
थर गेला तरी ठिकाण जात नाही भो. शेताच्या एका अंगाला बटणं, दुसऱ्या अंगाला नुसत्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी नळकांडी) निघाल्या, तर चांदमारी, म्हणजे नेमबाजीची जागा, कुठे होती ते कळतं. खिशात टाकलात की ते संपलं.

धरणगावचंच घ्या. कंपनीचा अधिकारी जेम्स औट्रम याने भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, तिथे १८२५ साली उभी केली, १८९१ मध्ये ती पोलिसांत मिसळली. बिल्ल्यावरच्या मुकुटाची कमान घुमटासारखी गोल असेल तर तो १९०१ नंतरचा, म्हणजे कोअरचा नव्हेच. पोलिसाचा असेल, महायुद्धावरून परतलेल्या शिपायाचा असेल. विकणारा मात्र 'भिल्ल कोअर' सांगूनच विकतो. कोणत्या गट नंबरच्या शेतातून निघाला याची नोंद असती तर हा घोळ झाला नसता.

मेटल डिटेक्टरवाल्यांचं तर विचारू नका. बेसाल्टच्या मातीत लोहखनिज भरपूर, ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या लोहाशी जुळवणी) नीट न केलेलं यंत्र पावलापावलाला वाजतं आणि दर आवाजाला खड्डा पडतो. प्रकाशे, बहाळसारख्या गावांच्या पांढरीत हे केलं तर बिल्ल्यापायी ताम्रपाषाणयुगाची खापरं उकरली जातात.

सातबारा :
दोघेही कायदा विसरलात. १८७८ चा निखात निधी कायदा : जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठे, कधी. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही.

जुनंपितळ :
'दडलेली' म्हणजे कोणी पुरून ठेवलेली. टोपीवरून गळून पडलेल्या बिल्ल्याला निधी कसं म्हणणार?

सातबारा :
ते ठरवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं, सापडवणाऱ्याचं नाही. अर्ज द्यायला काय जातं?

वाघूर :
वाद चालू द्या, पण ज्याच्या हातात बिल्ला आहे त्याने चिंच-मीठ लावू नये. आम्ल पितळेतलं जस्त खातं, गुलाबी चट्टे राहतात, ते परत जात नाहीत. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश एवढंच. फिकट हिरवी भुकटी पुन्हापुन्हा येत असेल तर आत क्लोराइड आहे. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात काही आठवडे ठेवा, दर आठवड्याला द्रावण बदला, मग पूर्ण सुकवून मायक्रोक्रिस्टलाइन मेण.

मागची बाजू सपाट आणि खरखरीत म्हणून लगेच नकली ठरवू नका. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याला मागे उलटी खोलगट आकृती दिसते हे खरं, पण इथे वाळूच्या साच्यात ओतलेले अस्सल बिल्लेही बरेच होते. कानशीचे ओरखडे जुन्या गंजाखाली आहेत की गंजावरून गेलेत, ते भिंगाने बघा.

आणि .३०३ चं काडतूस टोकाच्या गोळीसकट निघालं तर हात लावू नका, पोलीस ठाण्यात कळवा. बुडाला 'के.एफ.' असेल तर ते खडकीचं, जवळच साल असतं. पण ते वाचायला घासत बसू नका.

जुनंपितळ :
बरं, नोंद ठेवायची मान्य. गट क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, जागेवर पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो. पण बिल्ला कचेरीच्या कपाटात जाण्यापेक्षा माझ्याच कपाटात बरा.

तापीकाठ :
आधी अर्जाची पोच दाखवा, मग कपाटाचं बोलू.