मदत हवी आहे: गुडघा बोलायला लागलाय आणि उद्या आंबोली

मंडळी, गावच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी पैसे जमवायला पुण्याहून पणजीला सायकलने निघालोय, साधारण ४५० किलोमीटर. आज दुसरी रात्र, मुक्काम कोल्हापूर.

काल खंबाटकी घाट हट्टाने जड गिअरवर चढलो (सोबतच्या पोरांसमोर उतरायची लाज!). तेव्हापासून उजव्या गुडघ्याची वाटी पुढून दुखतेय. आज कराडनंतर तर प्रत्येक पेडलला कळ. सूज नाही, सपाटीवर चालता येतं, पण जिना उतरताना जीव जातो.

बर्फ लावलाय. सीट खाली होती हे आता लक्षात आलं, म्हणून थोडी वर केली. एकदम जास्त वर घेतली तर गुडघ्यामागची शीर धरेल, ही भीती. गोळी खाऊन दामटायचं नाहीये. दुखणंच कळणार नाही मग.

असं कुणाला झालंय का? एक दिवस आराम पुरतो? की आंबोलीपर्यंत टेम्पो आणि पुढे सावंतवाडीचा उतार सायकलने? आणि खरी अडचण: लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केलेत. टेम्पोतलं अंतर त्यांना कसं सांगायचं?

सकाळी सहाला निघायचंय, त्याआधी सांगा.