कोटा, शरणार्थी, मवाळ: नेमके शब्द कोणते?

प्रश्न (कोथरूड)
आमच्या महाविद्यालयातल्या वादविवाद स्पर्धेचा विषय असा आहे: 'राष्ट्रीय इमिग्रेशन कोट्यात आणि शरणार्थींच्या प्रवेशात मवाळ सुधारणा व्हावी.' मुलांची भाषणं तपासतेय आणि कोटा, शरणार्थी, मवाळ या तीन शब्दांपाशी अडले आहे. मराठीत ते असेच चालतील का?

उत्तर (हिंजवडी)
ताई, आधी 'कोटा' घ्या, मुलं तिथेच घसरतील. आपल्या कानाला कोटा म्हणजे आपल्या नावाने बाजूला काढलेला वाटा. रेशनचा कोटा, मॅनेजमेंट कोटा, रेल्वेतला ज्येष्ठांचा कोटा. तो मिळाला नाही तर आपण भांडतो, कारण तो हक्काचा.

अमेरिकेचं उदाहरण घ्या, तिथे उलट आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देतात आणि एका देशाला त्यातली सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. आमच्या ऑफिसात सर्रास 'भारताचा ७ टक्के कोटा' म्हणतात. पण त्या राखीव जागा नाहीत, ती अडवणारी रेघ आहे. आइसलँडला जी रेघ तीच भारताला, म्हणून आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही.

निर्वासितांचंही तसंच. १९८०च्या कायद्यानुसार तिथले राष्ट्राध्यक्ष काँग्रेसशी, म्हणजे तिथल्या संसदेशी, सल्लामसलत करून दरवर्षी आकडा ठरवतात. २०२१च्या आर्थिक वर्षात तो आधी १५,००० होता, मग ६२,५०० केला. प्रत्यक्षात आले सुमारे ११,४००. याला कोटा म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की बासष्ट हजार लोकांना जागा मिळाली. 'कमाल मर्यादा' म्हणा, गैरसमज होणार नाही.

'कोटा' शब्द शोभतो तो १९२४च्या कायद्याला. १८९०च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत राहत होते, त्यांच्या २ टक्के इतकाच त्या देशाचा वार्षिक वाटा. दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक मोठ्या संख्येने आले ते १८९०नंतर, म्हणून मुद्दाम जुनी जनगणना धरली. १९६५च्या कायद्याने असे देशवार कोटे मोडीत काढले.

उत्तर (पिंपरी)
'शरणार्थी' हिंदी बातम्यांतून आलाय, मला तो खटकतो. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, घर. मराठीत 'शरण आला' म्हणजे हरला, हात टेकले. पांडुरंगाला शरण जाणं वेगळं. जीव मुठीत धरून आलेल्या माणसावर पराभवाची छटा कशाला चिकटवायची? 'निर्वासित' म्हणजे राहत्या जागेतून बाहेर काढलेला. त्याच्यावर काय गुदरलं ते या शब्दात आहे, शरणार्थीत फक्त त्याचं मागणं आहे.

अर्थात निर्वासित शब्दही दुखवतो. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे छावणीत आली. आज पिंपरी कॅम्प भरभराटीची बाजारपेठ आहे, तरी माझ्या लहानपणी वर्गातल्या मुलांना 'निर्वासितांची पोरं' म्हणायचे. ती मुलं जन्मलेली इथलीच! शब्द माणसाच्या एका प्रसंगाचा होता, आम्ही तो घराण्याचा करून टाकला. त्याची मला आजही लाज वाटते.

आणि 'विस्थापित' इथे नको. मुळशी, पानशेत, कोयनेतून उठलेल्यांसाठी तो आहे. सीमा न ओलांडता त्यांचं घर गेलं.

प्रश्नकर्ती (कोथरूड)
दोघांचे आभार. 'मवाळ' मीच बदलते. तो गोखल्यांच्या गटासाठी रुळलेला, माणसांना लागणारा शब्द. इथे 'माफक' पुरे. आता विषय असा: 'स्थलांतरितांच्या कमाल मर्यादेत आणि निर्वासितांच्या प्रवेशात माफक सुधारणा व्हावी.'

उत्तर (हिंजवडी)
'सुधारणा'सुद्धा काढा ना. कायद्याच्या भाषेत ती नुसती दुरुस्ती असते, पण बोलण्यात सुधारणा म्हणजे चांगलंच काहीतरी. विरोधात बोलणारं मूल उभं राहण्याआधीच अर्धं हरतं. आणि मर्यादा वाढवायची की घटवायची, तेही त्यातून कळत नाही. 'माफक वाढ' लिहा, म्हणजे दोन्ही बाजूंना कशावर भांडायचं ते कळेल.