पंचवीस वर्षं रोमची चाकरी, मग नागरिकत्व: सौदा की पिळवणूक?

रानवारा

रोमन फौज म्हटलं की लांबट ढाल घेतलेला लीजनचा, म्हणजे रोमन नागरिकांच्या मुख्य पलटणीचा, शिपाई आठवतो. पण इ.स. २३ मधल्या फौजेची मोजदाद देताना रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो की सहाय्यक पलटणींचं बळ लीजनांच्या जवळपास बरोबरीचं होतं. म्हणजे निम्मी फौज रोमचे नागरिक नसलेल्यांची: ऱ्हाईनच्या मुखाकडचे बटाव्हियन, बाल्कनमधले थ्रेशियन, सीरियाचे तिरंदाज, आफ्रिकेतले मूर घोडेस्वार. सम्राट क्लॉडियसच्या काळापासून करार पक्का झाला. पंचवीस वर्षं चाकरी करा, जिवंत राहिलात तर नागरिकत्व घ्या.

माझ्या मते ही सरळ पिळवणूक होती. स्कॉटलंडमधली मॉन्स ग्राउपियसची लढाई घ्या, इ.स. ८३ च्या आसपासची. ब्रिटनच्या रोमन सुभेदाराने, अ‍ॅग्रिकोलाने मध्यभागी आठ हजार सहाय्यक पायदळ ठेवलं, बगलांना तीन हजार घोडेस्वार. लीजन मागे, छावणीच्या तटापाशी. का? टॅसिटसच सांगतो: रोमन रक्त न सांडता जिंकलं तर विजयाची शान मोठी. अ‍ॅग्रिकोलाचा जावईच तो, कौतुकाने लिहितोय हे! आपल्या बाजूचे ३६० पडले म्हणतो आणि त्यांतलं एकच नाव देतो, ऑलस अ‍ॅटिकसचं. तोही पलटणीचा अधिकारी. बाकीचे ३५९ गेले खड्ड्यात.

बखरवाला

साफ असहमत. एक तर तुम्ही टॅसिटसचं वाक्य अर्ध्यावर तोडलंत. पुढे तो म्हणतो की पुढची फळी मागे रेटली गेली तर लीजन मदतीला असावेत. राखीव दल मागेच ठेवतात हो, त्यात जातपात कुठून आली? चढावरच्या शत्रूशी हातघाईला बटाव्हियन आणि टुंग्रियन पलटणी पाठवल्या, कारण त्या कामात ते पटाईत होते.

दुसरं, पंचवीस वर्षं ऐकून दचकू नका. लीजनच्या नागरिक शिपायालाही वीस अधिक राखीवची पाच अशी जवळपास तेवढीच वर्षं काढावी लागत. आणि थ्रेसच्या डोंगरातल्या धाकट्या मुलासमोर दुसरा पर्याय कुठला होता? इथे निदान ठरलेला पगार, जेवण आणि शेवटी हातात लेखी हक्क.

मेघना

त्या लेखी हक्काबद्दल सांगते, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. हातात मावतील असे कांस्याचे दोन पत्रे, तारेने एकत्र ओवलेले. तारेवर सात साक्षीदारांच्या मोहोरा. मजकूर बाहेर एकदा आणि तोच आत पुन्हा, म्हणजे कोणी बाहेरच्या अक्षरांत खाडाखोड केलीच तर मोहोर फोडून आतलं बघायचं. त्यात सम्राटाच्या पदव्या, पलटणींची यादी, शिपायाचं नाव, बापाचं नाव, आणि रोममध्ये भिंतीवर लावलेल्या मूळ पाटीवरून ही नक्कल केली असा शेरा. आपल्याकडच्या ताम्रपटाइतकाच बंदोबस्त!

पण या पत्र्यात नुसतं शिपायाचं नागरिकत्व नसे. चाकरीत असताना कायद्याने लग्न करता येत नव्हतं, तरी छावणीबाहेर संसार थाटलेले असतच. पत्र्याने ते लग्न मान्य होई (एकाच बायकोपुरतं, हेही त्यात बजावलेलं) आणि चाकरीत झालेली मुलंही नागरिक होत. निम्मं आयुष्य घालवून माणूस हे मिळवत होता, पोरांसाठी. बखरवाल्यांशी मी इथवर सहमत.

मात्र इ.स. १४० मध्ये, अँटोनायनस पायसच्या राज्यात, मुलांचा तो हक्क काढून घेतला. चाकरीची वर्षं होती तेवढीच राहिली.

रानवारा

म्हणजे माझंच म्हणणं झालं! सौदा होता म्हणता, तर एक बाजू मनाला येईल तेव्हा अटी बदलते आणि दुसरीला विचारतही नाही, याला सौदा कसं म्हणायचं?

आणि पर्यायाचं म्हणाल तर इ.स. २६ मध्ये थ्रेशियन लोक बंड करून उठले ते कशावरून? तोवर ते आपल्याच सरदारांच्या हाताखाली, शेजाऱ्यांशीच लढायला जात. आता आपल्याला फोडून, इतर लोकांत मिसळून दूरदेशी नेणार अशी आवई उठली, तेवढ्यावर डोंगर पेटला. ज्यांच्यासाठी हा उत्तम पर्याय होता म्हणता, त्यांना तो नको होता.

तिरकमठा

बटाव्हियनांचं कोणी बोलत नाही म्हणून आलो. त्यांना कर माफ होता, द्यायची ती फक्त माणसं. इ.स. ६९ मध्ये सम्राट व्हिटेलियसच्या भरती अधिकाऱ्यांनी म्हातारे-आजारी लोक उचलले, पैसे घेऊन सोडण्यासाठी. पोरांना ओढून नेलं ते याहून वाईट कामाला. मग उठाव झाला. त्याचा पुढारी ज्युलियस सिव्हिलिस स्वतः रोमन नागरिक. टॅसिटस त्याच्या तोंडी जे घालतो ते या धाग्याचं शीर्षकच समजा: रोमन छावण्यांत पंचवीस वर्षं राबलो, मोल काय मिळालं, तर भावाचा खून आणि माझ्या पायात बेड्या.

तरी मी पिळवणूक म्हणणार नाही. पुढच्या तीसेक वर्षांत बटाव्हियन पलटण उत्तर ब्रिटनमध्ये व्हिंडोलंडाच्या किल्ल्यात सुखाने नांदते आहे. तिथल्या लाकडी पातळ पट्ट्यांवरच्या पत्रांत मॅस्क्युलस नावाचा घोडदळाचा नाईक वरिष्ठांना विचारतो की उद्या निशाणासह सगळ्यांनी परतायचं की निम्म्यांनी? आणि जाता जाता, पोरांची बिअर संपली आहे, पाठवायला सांगा. गुलामगिरीत पिचलेला माणूस असं लिहितो?

मेघना

तिरकमठा, ते पत्र कोणाला आहे तेही सांगा की. फ्लेव्हियस सेरियालिस, पलटणीचा प्रमुख. तो बटाव्हियन सरदार घराण्यातलाच असावा असं अभ्यासक मानतात, आणि मॅस्क्युलस त्याला मायन्यात ‘आपला राजा’ म्हणतो. म्हणून मला रानवाऱ्यांचा आरोपी चुकीचा वाटतो. रोमने करार शिपायाशी केलाच नाही, त्याच्या सरदाराशी केला. सरदाराने माणसं पुरवली, त्याला हुद्दा आणि नागरिकत्व आधीच मिळालं. शिपायाला पंचवीस वर्षांनी.

बखरवाला

मग रोमला कशाला झोडपताय, त्या सरदारांना झोडपा.

रानवारा

दोघांनाही झोडपू, जागा भरपूर आहे! आणि ज्यांच्याकडे बिअर मागायला राजा नव्हता त्यांचं? जर्मनीतून भरती करून ब्रिटनमध्ये आणलेली उसिपी लोकांची पलटण. कवायत शिकवायला नेमलेले सेंच्युरियन (रोमन अधिकारी) आणि शिपाई त्यांनी मारले, तीन जहाजं पळवली आणि बेटाला वळसा घालून निघाले. वाटेत उपाशी पडले तेव्हा आपल्यातल्याच अशक्तांना खाल्लं. जे वाचले त्यांना चाचे समजून किनाऱ्यावरच्या टोळ्यांनी पकडलं आणि काही तर गुलाम म्हणून विकत विकत पुन्हा ऱ्हाईनच्या रोमन काठावर पोचले. हा सौदा इतका गोड होता तर एवढा जिवावरचा आटापिटा कशाला?

तिरकमठा

एका पलटणीवरून सगळ्यांचं ठरवणार? उलटं बघा. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व फुकट वाटलं (कर वाढवायला, असं इतिहासकार कॅसियस डिओ म्हणतो). आमिष संपलं. तरी पलटणी ओस पडल्या नाहीत, कारण त्याच्या बापाने, सेव्हेरसने, पगार वाढवला होता, कॅराकलाने आणखी वाढवला. लोक मुळात पगारासाठी जात होते, पत्रा हा वरचा बोनस.

मेघना

पगारासाठी जात असतील, मान्य. पण पत्र्यावर बायको-पोरांची नावं शिपाई घालून घेत होतेच ना? वरच्या बोनसची एवढी काळजी कोणी घेत नाही.