विसरतं, पण सगळं नाही

"दहावीचं काहीच आठवत नाही, म्हणजे दहा वर्षं फुकट" असं पुष्कळजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरचेच प्रयोग छापले. निरर्थक अक्षरं पाठ करायची, काही काळाने पुन्हा पाठ करून बघायची. पहिल्याच दिवशी बरंचसं उडतं, मग गळती मंदावते. पण दुसऱ्यांदा पाठ करायला वेळ कमी लागतो. म्हणजे काहीतरी शिल्लक असतंच.

आमच्याकडे दापोलीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा धडा सगळ्यांनीच घोकलेला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. पेपर झाला, आम्ही मोकळे! कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला जाणाऱ्या शेजारच्या काकू मात्र तिथीची पाऊणपट करून तोंडी सांगतात: आज चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. (थोडं मागेपुढे होतं, पण कालवं कुठे पळतायत?) शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. पण हा हिशोब त्यांना रोजच लागतो.

तेव्हा पोरांना तेच पान दहादा वाचायला लावू नका. पुस्तक मिटून सांगायला लावा, आणि गणपतीच्या सुट्टीत तेच परत विचारा. कुरकुरतील, चालायचंच.