पाकटाच्या काट्यानंतरचे इर्विन

टीव्हीवर मगरी पकडून दाखवणारा ऑस्ट्रेलियन स्टीव्ह इर्विन, त्याच्या मुलांबद्दल कुणीतरी म्हटलं, 'बापाच्या नावावर पोरं जगताहेत'. हे मत मला अर्धंच पटतं. नाव आहेच, आणि ते विकलंही जातं. पण स्टीव्ह ४ सप्टेंबर २००६ला पाकट या चपट्या माशाच्या विषारी काट्याने गेला तेव्हा त्याची मुलगी बिंडी ८ वर्षांची होती आणि मुलगा रॉबर्ट पावणेतीन. क्वीन्सलँडमधल्या बिअरवा गावातलं त्यांचं प्राणिसंग्रहालय 'ऑस्ट्रेलिया झू', तिथला प्राण्यांचा दवाखाना, सगळं त्याची बायको टेरी हिच्यावर येऊन पडलं.

तिचं सगळ्यात मोठं काम मात्र टीव्हीवर फारसं दिसलं नाही. क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला केप यॉर्कमध्ये स्टीव्हच्या नावाने सुमारे १,३५,००० हेक्टरचं राखीव क्षेत्र आहे. तिथे बॉक्साइटची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाची, खाण काढायचा घाट होता. टेरीने काही वर्षं झुंज दिली आणि २०१३मध्ये क्वीन्सलँड सरकारने तिथल्या खाणकामावर बंदी घातली. त्याच जमिनीवर इर्विन मंडळी क्वीन्सलँड विद्यापीठाबरोबर खाऱ्या पाण्यातल्या मगरी पकडून, ट्रान्समीटर लावून सोडतात. मगरींच्या हालचालींची अशी नोंद वर्षानुवर्षं ठेवणं हे नुसत्या प्रसिद्धीसाठी कोण करेल?

अमेरिकेतली टीव्हीवरची नाचाची स्पर्धा बिंडीने २०१५मध्ये जिंकली, रॉबर्टने २०२५मध्ये. त्याचं मला फारसं कौतुक नाही, पण असल्या प्रसिद्धीने प्राणिसंग्रहालयाची तिकिटं खपत असतील तर हरकतही नाही.

स्टीव्हवर टीका करायचीच तर २००४ची करा: महिन्याभराच्या रॉबर्टला काखेत धरून मगरीला कोंबडी भरवली होती. ते मला आजही पटत नाही.