चर्चा: 'ड्रॅक्युला' पहिल्या चार प्रकरणांतच संपते का?

कातरवेळ:
ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या रक्तपिपासूच्या कादंबरीबद्दल 'ठोकताळा' यांनी काल लिहिलं: "ड्रॅक्युलाची पहिली चार प्रकरणं झकास, पुढची तेवीस रद्दी. नाव त्याचं आणि तोच गायब. बाकीचे रोजनिश्या खरडत बसतात. शेवटी ना छातीत खुंटी ना ऊन, दोन सुऱ्यांत खेळ खलास." दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढला.

आधी ते ऊन निकालात काढू. उन्हाने मरणारा रक्तपिपासू सिनेमाने आणला, १९२२च्या 'नोस्फेराटू'ने. स्टोकरच्या १८९७च्या पुस्तकात तो भरदिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा राहून एका मुलीकडे टक लावून बघतो. दिवसा त्याच्या शक्ती चालत नाहीत, एवढंच.

आता तो 'गायब' असण्याबद्दल. ज्या जहाजातून तो इंग्लंडला येतो त्या 'डिमीटर'च्या कप्तानाची नोंदवही पुन्हा वाचा. खलाशी एकेक करून नाहीसे होतात आणि कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो, हातात क्रूस. त्या पानांत ड्रॅक्युला जेमतेम दिसतो, तरी ती पानं रात्री वाचायला मला आजही नको वाटतात. आणि ती तार! ड्रॅक्युला जिचं रक्त पितोय त्या लूसीवर उपचार करणारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग अँटवर्पहून सेवर्डला कळवतो की आज रात्री तिच्या घरी थांब. तारेच्या पत्त्यात नुसतं कारफॅक्स आहे, परगणा लिहिलेला नाही, म्हणून ती भलत्याच, ससेक्सच्या कारफॅक्सला जाते आणि २२ तास उशिरा पोचते. त्याच रात्री लांडगा खिडकी फोडतो. लूसीची मैत्रीण मीना तिला लग्नाच्या, नव्या घराच्या गोष्टी लिहीत असते, आणि त्या पत्रांवर कंसात नोंद आहे, तिने न उघडलेलं. या पुस्तकाची भीती तिथे आहे. सगळे कागद आपल्या हातात असतात, ज्यांना हवेत त्यांच्यापर्यंत मात्र ते वेळेवर जात नाहीत. रोजनिश्या काढून टाका, मग काय उरतं ते सांगा.

ठोकताळा:
उन्हाचं मान्य. सिनेमे आधी पाहिले होते, पुस्तक नंतर हाती आलं.

बाकी काही मान्य नाही. तार चुकली हा योगायोग. योगायोगावर एखादा प्रसंग उभा राहतो, अख्खी कादंबरी नाही. आणि तुमचा व्हॅन हेल्सिंग! पहिल्यापासून त्याला संशय आहे, पण तोंड उघडत नाही. लसणाची फुलं मागवतो, लूसीच्या गळ्यात माळ घालतो, खिडक्या बंद करतो. का, ते आईला सांगत नाही. वास कोंडलाय म्हणून आई रात्री फुलं काढते आणि खिडकी उघडते. सकाळी पोरगी पांढरीफटक. लेखकाला पानं वाढवायची असली की शहाण्या माणसाला मुका करतात. याला मी रहस्य म्हणत नाही, वाचकाला लटकवणं म्हणतो.

मधली_सुट्टी:
ठोकताळा, यात लेखकाची लबाडी कुठे दिसली तुम्हाला? डॉक्टर असेच वागतात.

माझ्या आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्स येऊन म्हणाली, "काही देऊ नका." बस. का, किती वाजल्यापासून, पाणी चालेल का, काही नाही. पहाटे आई कळवळून मागायला लागली, मावशीला बघवेना, तिने कपभर दूध दिलं. सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळल्यावर आम्हा सगळ्यांना वॉर्डच्या मधोमध उभं करून झापलं. ऑपरेशन पुढे गेलं. मावशी अजून तो विषय निघाला की उठून जाते. लूसीच्या आईचं प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ती बाई प्रेमाने खिडकी उघडते हो!

रात्रपाळी:
मी डॉक्टर आहे, त्यामुळे बोलणं भाग आहे. भूल देताना पोटात काही असलं तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, त्यात माणूस दगावतो. ऑपरेशन पुढे ढकललं ते योग्यच केलं. आणि 'काही देऊ नका' याचा अर्थ काही देऊ नका असाच होतो. एका रात्रीत किती नातेवाइकांना किती वेळा समजवायचं? एकाला सांगावं तर दुसरा येऊन पहिल्यापासून विचारतो.

व्हॅन हेल्सिंगने सांगून काय होणार होतं? सेवर्ड त्याचा स्वतःचा शिष्य, तोही डॉक्टर. त्याला थडग्यात नेऊन लूसीची रिकामी शवपेटी दाखवली, तरी तो म्हणतो प्रेतं चोरणाऱ्याने नेलं असेल. डोळ्यांनी पाहून ज्याला पटत नाही त्याला नुसतं सांगून पटलं असतं? शिवाय आईचं हृदय इतकं नाजूक की धक्क्याने जीव जाईल. म्हणूनच तो म्हणतो, तिला सावधही करता येणार नाही.

मधली_सुट्टी:
हेच ते. 'समजवायचं किती वेळा.' नर्सने एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं, "पोटात काही असलं तर भुलेत जीव जाऊ शकतो." मावशीने कपाला हात लावला नसता. तुमच्या वेळेची किंमत आहे, तिच्या त्या पहाटेची नाही?

रात्रपाळी:
मी तुमच्या मावशीबद्दल एक शब्द बोललेलो नाही. सलग ड्युटी करून बघा, मग वाक्यं मोजा.

बी_निगेटिव्ह:
अवांतर होतंय तर माझंही घ्या. रक्तपेढीत काम करतो. लूसीला चार पुरुषांचं रक्त चढवतात: तिचा होणारा नवरा आर्थर, सेवर्ड, खुद्द व्हॅन हेल्सिंग आणि तिला मागणी घातलेला क्विन्सी. गट कुणी बघत नाही, बघणार कसा, लँडस्टायनरने रक्तगट दाखवले १९०१मध्ये. पुस्तक १८९७चं. ड्रॅक्युला आला नसता तरी त्या पोरीचं काही खरं नव्हतं. ते प्रसंग मला वाचवतच नाहीत.

रात्रपाळी:
लूसी एबी गटाची असेल तर चौघांचंही चालून जाईल.

बी_निगेटिव्ह:
असेल! सगळ्यांत कमी आढळणारा गट तिलाच मिळायचा. पण तेवढी सूट देतो. आणि एक कबूल करतो, स्टोकरने अभ्यास केलेला आहे. आर्थरच्या वेळी व्हॅन हेल्सिंग म्हणतो की याचं रक्त इतकं शुद्ध आहे की त्यातलं फायब्रिन काढायची गरज नाही. रक्त गोठू नये म्हणून तेव्हा ते घुसळून फायब्रिन काढत. स्टोकरचा भाऊ थॉर्नली शल्यविशारद होता, डोक्याला मार लागलेल्या रेनफिल्ड या वेड्या रुग्णाच्या प्रसंगासाठी त्याने टिपणं दिली होती.

पण मला टोचतं ते वेगळंच. रक्त दिल्यावर आर्थरला वाटतं की आपलं लग्नच लागलं, आणि बाकी तिघे त्याच्यापासून लपवतात की आम्हीही दिलंय. आमच्याकडे रोज माणसं येतात, कुणासाठी देतोय हे न विचारता बाटली भरून निघून जातात. रक्त दिल्याने हक्क मिळत नाही कुणावर.

कातरवेळ:
बी_निगेटिव्ह, तुमच्याशी सहमत, पण ते लपवणंसुद्धा त्याच माळेतलं. लूसीच्या आईला सांगत नाहीत, आर्थरला सांगत नाहीत. पुढे मीनाला बैठकीतून वगळतात. का, तर बाईमाणसाला झेपणार नाही! ज्या मीनाने सगळ्यांच्या रोजनिश्या टंकून, तारखांनी लावून त्यांच्या हातात दिल्या, तिला. पुरुष ड्रॅक्युलाच्या कारफॅक्स या घरात शोध घेत फिरतात आणि तो त्यांच्याच पाठीमागे, त्यांच्याच छपराखाली मीनापर्यंत पोचतो. रात्रपाळी, तिचं हृदय नाजूक नव्हतं. तिला न सांगण्याचं कारण काय सांगाल?

रात्रपाळी:
तिथे कारण नाही. ती चूक आहे, आणि पुस्तकातही तिची किंमत मोजावी लागते. लूसीच्या आईबद्दल माझं मत तेच राहील.

जुनाट:
पोरांनो, दवाखाना बंद करा जरा. शेवटाबद्दल कुणी बोलणार आहे का? मला तोच शेवट आवडतो. सूर्य बुडायच्या बेतात, ड्रॅक्युलाची पेटी गाडीवर, मीनाच्या नवऱ्याची, हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावर फिरते आणि क्विन्सीचा सुरा काळजात घुसतो. दोघे लढत लढत तिथवर पोचलेत, क्विन्सीच्या कुशीतून रक्त वाहतंय. याहून लांबवलं असतं तर नाटक झालं असतं.

ठोकताळा:
काका, एवढ्या पानांचा पाठलाग आणि मरण एका परिच्छेदात. तो एक शब्द बोलत नाही. पहिल्या चार प्रकरणांत केवढा बोलणारा माणूस होता तो, आपल्या वाड्यात आलेल्या हार्करला जेवायला वाढणारा, रात्रभर आपल्या पूर्वजांच्या लढाया सांगणारा! मला तो हवा होता. इंग्लंडात आल्यावर तो धुकं होतो, वटवाघूळ होतो, पण माणूस होत नाही. माझी तक्रार तीच होती आणि तीच आहे.

कातरवेळ:
ही तक्रार काल अशी लिहिली असतीत तर मी धागा काढला नसता. 'रद्दी' लिहिलंत म्हणून काढला.

ठोकताळा:
रद्दी मागे घेतो, कप्तानाच्या नोंदवहीपुरती. मीनाच्या पत्रांवरची ती नोंद वाचताना नजरेतून सुटली होती, तीही त्यात धरा. उरलेली प्रकरणं लांबलेलीच आहेत.

मधली_सुट्टी:
रात्रपाळी, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. ते एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

रात्रपाळी:
दहा सेकंद. उद्यापासून वॉर्डात सांगायला सांगतो. झालं समाधान?

मधली_सुट्टी:
नाही. पण सांगा.