गुहागरचा हा चढाईपटू प्रो कबड्डीपर्यंत जाईल का?

गुहागरकर: आमच्या वाडीतला पोरगा, १९ वर्षांचा, वजन जेमतेम ६५ किलो. पण वेग! बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून, कोपरारक्षक हलायच्या आत मध्यरेषेवर परत. निवड चाचणीला पाठवायचा का?

खेडचा कोपरा: दादा, पोरगा मी पाहिलाय, पाय खरंच विजेसारखे आहेत. पण रेषेपलीकडे पाय टेकवल्याचा बोनस गुण समोर सहा-सात जण असतानाच मिळतो. पाच उरले की त्याला हात लावूनच गुण घ्यावा लागतो, आणि तिथे तो ३० सेकंद नुसता फिरून येतो. लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसरी 'करो या मरो', त्या चढाईत असं केलं की बाद. शिवाय वजनाची मर्यादा ८५ किलो, म्हणजे मॅटवर त्याला धरणारे ८० च्या आसपासचेही असतील. घोटा हातात आला की सुटका नाही. मला त्याची फार काळजी वाटते, घाई करू नका.

मालवणी: मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट चिकटतो. त्याच वेगात वळला तर गुडघा जाईल. आधी मॅटचा सराव द्या.

गुहागरकर: चिपळूणला मॅट मिळतेय का बघतो. हाताचा स्पर्श शिकवायला तुम्ही याल का, भाऊ?

खेडचा कोपरा: रविवारी सकाळी येतो. दोन दणकट कोपरारक्षक सोबत आणतो.